चार काठ्या आणि मशीनचं तेल

ऑक्टोबर आला की माझं डोकं फिरतं. घरामागे एक जुना ओक आहे. त्याची फळं मागच्या लाकडी डेकवर पडायला लागतात. टक्. मग पाच मिनिटं काही नाही. मग एकदम टक टक टक, कुणीतरी वरून मुद्दाम मारल्यासारखी. आमच्या हर्नडनमधले लोक या दिवसांत आनंदानं वेडे होतात. दारात भोपळे मांडतात, कॉफीतसुद्धा भोपळा घालतात आणि दर शनिवारी कोणीतरी फोन करतं, ‘येताय का, फॉल कलर्स बघायला ड्राइव्ह करू.’ अरे, पानं मरायला लागली आहेत, त्यात कलर्स कसले बघायचे? मरणाला एवढं नटवून दाखवणारा दुसरा महिना नसेल. समोरचा गृहस्थ पाठीवर पानं उडवायचं इंजिन बांधून ती माझ्या अंगणात ढकलतो आणि वर हात हलवून ‘ब्यूटिफुल डे!’ म्हणतो. मीही हात हलवतो. मनात जे म्हणतो ते इथं लिहीत नाही.

आमच्या गराजात, पाण्याच्या हीटरशेजारी, भिंतीत चार खिळे आहेत. आज ते रिकामे आहेत. गेल्या ऑक्टोबरपासून परवापरवापर्यंत त्यांच्यावर चार काठ्या टांगलेल्या होत्या. गाडी आत घेताना हेडलाइटच्या उजेडात त्या चमकायच्या आणि मी रोज मान फिरवायचो. वर्षभर स्वतःच्याच गराजात मी चोरासारखा वावरलो. त्याचीच हकिगत आहे ही. यात मी कुणाला सोडणार नाही, आणि स्वतःला तर मुळीच नाही.

काठ्या म्हणजे काय, ते आधी सांगतो, कारण आपल्याकडच्या कुणाला सांगितलं तर तो हसतोच. मलाही आधी खोटंच वाटलं होतं. हातभर लांबीची अॅल्युमिनियमची दांडी. तिला खाली-वर पाय टेकायला दोन-दोन पायऱ्या. मध्ये एक पट्टा आणि एक दातेरी बकल. पट्टा झाडाभोवती गुंडाळायचा, बकलातून ओढायचा, की बकलाचे दात पट्ट्यात रुततात आणि दांडी खोडाला चिकटते. तिच्यावर चढायचं, हात वर करून दुसरी बांधायची, तिच्यावर चढायचं, तिसरी, मग चौथी. अशा चार काठ्यांवर माणूस पंधरा-सोळा फूट वर जातो आणि तिथं पट्ट्यांच्या झोळीत लोंबकळत बसतो. कशासाठी? तर हरणाला वर बघायची सवय नसते म्हणून. खालून ते बिचारं ओकची फळं खात येतं आणि वरून बाण. याला इकडे खेळ म्हणतात, आणि त्या खेळाला सीझन म्हणतात.

आणि तो वजनाचा सोस! पायी दोन-दोन मैल जंगलात जायचं असतं, म्हणून काठी हलकी हवी. हलकी म्हणजे किती? तर आणखी हलकी. आमची मुक्ता जेवणाच्या टेबलावर त्या काठ्या एकेक करून तोलायची. कशावर? भारतात जाताना बॅगा तोलायला घेतलेल्या आमच्या हातकाट्यावर! ज्या काट्यावर आम्ही लोणच्याच्या बरण्या आणि चिवड्याच्या पिशव्यांसाठी जीव टाकला, तेवीस किलोच्या वर पाव किलो गेलं म्हणून साड्या उपसल्या, त्याच्या आकड्याला हिनं काठी लटकवायची आणि ओरडायचं, ‘आई, लुक! अर्धा किलोपण नाही!’ एकदा तिनं पट्ट्याचं लोंबणारं टोक कापलं, चार ग्रॅम वाचावेत म्हणून. मी म्हटलं, ‘नखं काप, आणखी वाचतील.’ ती हसली. तेव्हा ती माझ्या बोलण्यावर हसायची.

मुक्ता म्हणजे आमची एकुलती एक. जन्म इथलाच, याच हॉस्पिटलांच्या आणि हायवेंच्या गावातला. लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. राहते दहा मिनिटांवर, वेगळ्या अपार्टमेंटमध्ये, पण सामान आमच्या गराजात, कारण तिच्याकडे जागा नाही. घरातही ठेवायचं नाही ते. फोडणीचा वास लागला तर हरणं पळतात म्हणे. आम्ही इथं आल्यापासून कोट-जॅकेटं फोडणीपासून वाचवत आलो, गोऱ्या लोकांना वास येऊ नये म्हणून. पुढच्या पिढीनं ती परंपरा हरणांपर्यंत नेली.

हा नाद तिला लावला हॅरल्डनं. हॅरल्ड म्हणजे तिच्या वॉर्डातल्या एका नर्सचा म्हातारा बाप. तासाभरावर, डोंगरांच्या अलीकडे त्याची जमीन आहे. पहिल्यांदा तिथं नुसती फिरायला गेली, दुसऱ्यांदा धनुष्य हातात घेतलं, आणि तिसऱ्या वर्षी आमच्या फ्रीजरमध्ये मटाराच्या पाकिटांशेजारी पांढऱ्या कागदात गुंडाळलेलं हरीण आलं. मी फ्रीजर उघडला आणि धाडकन बंद केला.

त्या दिवशीचं भांडण शेजाऱ्यांनाही ऐकू गेलं असेल. मी म्हटलं, ‘लाज नाही वाटत? लेकरांना बरं करायचं आणि सुटीच्या दिवशी जीव घ्यायचा?’ ती शांतपणे म्हणाली, ‘बाबा, रविवारी मटण कोण खातं?’

‘ते वेगळं!’

‘हाऊ?’

‘ते आपण मारत नाही.’

‘एक्झॅक्टली,’ ती म्हणाली. ‘मी झाडावर चार तास थंडीत बसते. त्याच्या डोळ्यांत बघते. तू पॅकेट उचलतोस.’

मी आवाज वाढवला. हे माझं जुनं तंत्र आहे. सुमननं, म्हणजे माझ्या बायकोनं, मध्ये न पडता पांढरा कागद सोडला आणि तांबड्या रश्शाचा मसाला भाजायला घेतला. आम्ही दोघं मूळचे इचलकरंजीचे. मसाला भाजायला लागला की निम्मी भांडणं आपोआप मिटतात. मी मात्र जेवलो नाही. दही-भात कालवून उठलो. दुसऱ्या दिवशी दुपारी सुमन देवळात गेली तेव्हा फ्रीजसमोर उभ्या उभ्या, त्याच पातेल्यातून, तीन तुकडे खाल्ले. चांगलं झालं होतं. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता सांगायलाच बसलोय, तर हेही घ्या.

आमच्या मराठी मंडळींनीही कसर सोडली नाही. एका पॉटलकच्या जेवणाला एक काकू पुरणपोळी वाढता वाढता म्हणाल्या, ‘अगं बाई, शिकार? आणि लग्नाचं काय मग?’ या दोन वाक्यांचा संबंध काय, ते मला आजही कळलेलं नाही. दुसरे एक काका मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘यार, तू थांबव तिला. पडली-बिडली तर?’ मी म्हटलं, ‘तुम्ही तुमच्या मुलाला दिवसभर गेम खेळायचा थांबवा, मग मी बघतो.’ घरी मी तिच्याशी भांडत होतो आणि बाहेर तिच्यासाठी. दोन्हीकडे खोटा होतो असं नाही. दोन्हीकडे चिडलेला होतो, एवढंच.

तिचा एक नियम होता. झाडावर चढून, दोर अडकवून बसली की आमच्या तिघांच्या ग्रूपवर एक शब्द टाकायचा: ‘अप.’ आणि खाली उतरली, पाय जमिनीला लागले की दुसरा: ‘डाउन.’ सुमन लगेच अंगठा पाठवायची. मी कधीही उत्तर दिलं नाही. शनिवारी सकाळी मी पेपर उघडून बसायचो, चहा समोर ठेवायचो आणि म्हणायचो, मला काय त्याचं. तो चहा ‘डाउन’ येईपर्यंत तसाच असायचा. सुमन तो न बोलता पुन्हा गरम करून द्यायची. किती शनिवार, किती सीझन, तिनं तो चहा पुन्हा गरम केला आणि एकदाही टोमणा मारला नाही. बायका कधी कधी फार छळतात.

गेल्या वर्षी खंडेनवमी बुधवारी आली आणि शनिवारी सीझन सुरू होणार होता.

इथं जरा मागं जावं लागेल. माझे वडील जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करणारे. आयुष्य मागांच्या खडखडाटात गेलं, त्यामुळे घरातही ओरडूनच बोलायचे; माझा आवाज कुठून आला ते कळलं असेल. पण खंडेनवमीला माग बंद. कारखान्यात एवढी शांतता की आपलेच कान दुखायचे. ते पाने, पोपटपाने, हातोड्या, पेचकस ओळीनं मांडायचे, रॉकेलनं पुसायचे, मग तेलाचं बोट. प्रत्येक अवजाराला. माझा हात हातात धरून शिकवायचे, कुठं लावायचं, किती लावायचं. ‘जिथं दात असतील तिथं आधी,’ म्हणायचे. ‘दात कोरडे राहिले की माग रडतो.’ मागाच्या चक्रांचे दात एकमेकांवर फिरतात, त्यांना तेल लागतंच. मग झेंडूचं फूल, हळद-कुंकू आणि भिजवलेली डाळ. एरवी ज्या माणसाच्या हाताची भीती वाटायची, त्याच्या हाताला त्या एका दिवशी इतका मऊपणा यायचा. आम्हा पोरांना नाही, पण पान्याला असा हात लावायचा बाप. मला पान्याचा हेवा वाटायचा.

तर त्या बुधवारी सुमननं पाट मांडला. सुऱ्या, शिवणाचं मशीन, माझा लॅपटॉप, गाडीची किल्ली, मुक्ताचा जुना स्टेथोस्कोप. आणि म्हणाली, ‘अहो, गराजातनं तिचं धनुष्य आणि त्या काठ्या आणा.’

‘ते पाटावर येणार नाही.’

‘शस्त्रपूजा आहे. शस्त्र नाही आणायचं तर काय आणायचं, तुमचा लॅपटॉप?’

‘खाटकाचा सुरा आणून ठेव मग!’

‘तुमच्या रविवारच्या मटणाचा? आहे की तो, बघा,’ ती म्हणाली आणि खरंच बोट दाखवलं.

मी पाय आपटत गराजात गेलो. आणायला नाही, नुसता बाहेर पडायला. तिथं त्या चारही काठ्या भिंतीला होत्या. मागच्या सीझनचा चिखल पायऱ्यांवर वाळला होता, बकलात झाडाच्या सालीचे तुकडे अडकले होते. मला राग आला. शिकारीचा नाही, त्या घाणीचा. जिच्या भरवशावर तू जमिनीपासून सुटतेस ती वस्तू अशी ठेवतेस? एवढं महागाचं अवजार आणि ही कळा? मी स्टुल ओढलं. दुपारचं ऊन गराजाच्या दारातून आत आलं होतं. मी एकेक काठी मांडीवर घेतली. पुसली. सालीचे तुकडे टाचणीनं काढले. मग शिवणाच्या मशीनच्या तेलाची ती छोटी बाटली घेतली, चोच असलेली. पायऱ्यांना तेलाचं बोट लावलं आणि फडक्यानं पुसून घेतलं. आणि दात असतील तिथं आधी. बकलाच्या एकेका दाताला थेंब. उघड-मीट करून ते आतपर्यंत जिरवलं. काय सुरेख फिरायला लागलं म्हणून सांगू! आवाज नाही, अडकणं नाही. आठ पिढ्या जॉबर असल्यासारखा मी त्या बकलावर खूश झालो. वरच्या ओकची फळं गराजाच्या छपरावर वाजत होती आणि गेल्या तीन वर्षांत पहिल्यांदाच मला माझ्या मुलीचा राग येत नव्हता. झेंडूची एक-एक पाकळी चारही पट्ट्यांत खोचली. नंतर लाज वाटली आणि काढून टाकली. सुमनला जाऊन म्हटलं, ‘मी हातही लावला नाही त्याला.’

वडिलांच्या मागाचे दात एकमेकांवर सरकायला केलेले होते. या बकलाचे दात पट्टा धरून ठेवायला. एवढी साधी गोष्ट. इंजिनिअर आहे मी. तीस वर्षं या देशात लोकांच्या चुका शोधायचा पगार घेतला.

शनिवारी ‘अप’ आलं नाही.

सात वाजले, साडेसात वाजले. सुमन म्हणाली, ‘रेंज नसेल.’ मी म्हटलं, ‘नसेल तर नसेल,’ आणि पेपरचं तेच पान उलटून पुन्हा तेच वाचलं. आठला हॅरल्डचा फोन आला. तिसरी काठी सरकली होती. एक आडवी फांदी ओलांडायला तिनं कमरेचा दोर दोन सेकंद सोडला होता, नेमकी तेवढ्यात. दहा-बारा फुटांवरून पडली. उजवा घोटा आणि उजवं मनगट. अर्धा तास ओल्या पानांत पडून, डाव्या हातानं फोन शोधून तिनं त्यालाच आधी फोन केला, कारण तो जवळ होता. आम्हाला नाही केला. ‘आय डिडन्ट वाँट टु स्केअर आई,’ असं नंतर म्हणाली.

आता जे लिहितोय ते लिहायला मला वर्ष लागलं. फोन ठेवला आणि ती जिवंत आहे, शुद्धीवर आहे, एवढं कळल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: बरं झालं. आता बंद होईल. असा विचार करणारा बाप मी आहे. एक क्षणच होता तो, पण होता. तेलाचा विचार तेव्हा आलाच नव्हता. तेल आठवलं हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये, गाडी लॉक करताना. मी तिथंच, दोन गाड्यांच्या मध्ये, खाली बसलो. सुमन पुढं निघून गेली होती.

खोलीत हॅरल्ड टोपी हातात घेऊन उभा होता. मला म्हणाला, ‘ती इतकी सावध पोरगी आहे. माझ्या जमिनीवर आलेल्यांत सगळ्यात सावध.’ आणि मुक्ता, गुंगीत, ओठ सुजलेले, म्हणाली, ‘नो. इट्स ऑन मी. दर वर्षी घरी, खालच्या फांदीला बांधून टेस्ट करते ना मी? या वर्षी केलं नाही. डबल शिफ्ट होती. स्किप केलं. बकल नीट ओढलं नसेल. बाबा, यू वेअर राइट.’

यू वेअर राइट. तिच्या बत्तीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य मला मिळालं, आणि मी ते घेतलं. ‘झोप आता,’ एवढंच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी हॅरल्डनं त्याच्या ट्रकमधून काठ्या आणून दिल्या. तो गेल्यावर मी गराजाचं दार खाली ओढलं, बादलीत गरम पाणी घेतलं, भांडी घासायचा साबण घेतला आणि चारही काठ्या घासल्या. बकलं, दात, पट्टे, सगळं. तेलाचा अंशही राहिला नाही. मग पुसून, वाळवून, त्याच चार खिळ्यांवर टांगल्या. तेल लावताना मी चूक केली होती. धुताना काय करतोय ते मला पक्कं माहीत होतं.

घोटा आठ आठवड्यांत बरा झाला. मनगटाला जरा जास्त लागले. पण खरी मोडली ती दुसरीकडेच. कामावर परतली तेव्हा इंजेक्शन भरून हातात धरायची आणि शेजारच्या नर्सला म्हणायची, ‘एकदा बघशील?’ सगळेच बघून घेतात म्हणा, नियमच आहे. पण ही नियम नसलेल्या गोष्टींनाही विचारायला लागली. लेकराच्या हाताची पट्टी नीट बांधली का? पलंगाचा कठडा लागला का? दाराशी जाऊन परत यायची, परत हलवून बघायची. आमच्या घरी आली की गाडीला कुलूप लावून तीनदा मागं वळायची. उन्हाळ्यात एकदा सुमननं माळ्यावरून डबा काढायला शिडीवर चढ म्हटलं, तर दोन पायऱ्या चढली आणि तिथंच थांबली. ‘आई, आय कान्ट,’ म्हणाली. जी पोरगी अर्धा किलोच्या काठीवर उभी राहून ओक चढायची ती. मी टेबलापाशी बसून भोपळी मिरची चिरत होतो. सुरी हातातच राहिली.

मे महिन्यात तिनं वॉर्ड सोडला. एका इन्शुरन्सच्या ऑफिसात, टेबलापाशी, लोकांच्या फाइली तपासायच्या. आधी तात्पुरतं म्हणाली. ‘माझ्या हातांचा भरवसा नाही वाटत, बाबा. तिकडे चूक झाली तर कोणाचं तरी लेकरू असतं.’ मी काय म्हणालो असेन? ‘काम काम असतं,’ म्हणालो. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. धनुष्य बंद, जंगल बंद, शनिवारी सकाळी चहा गरमच प्यायला मिळत होता. तो चहा मला वर्षभर कडू लागला, तरी मी प्यालो. आणि शेजाऱ्या-पाजाऱ्यांनी विचारलं की सांगायचो, ‘आली ताळ्यावर.’

यंदा अधिक महिना आला, त्यामुळे दसरा उशिरा आहे आणि सीझन आधी आला. ओकची फळं मात्र कॅलेंडर बघत नाहीत. ती वेळेवर पडायला लागली. मागच्या मंगळवारी मुक्ता ऑफिसातून थेट आली. हातात एक मोठी पिशवी. म्हणाली, ‘काठ्या घेऊन जाते. हॅरल्डच्या नातवाला देऊन टाकते. आणि शुक्रवारी ऑफिसचं पर्मनंटचं साइन करतेय. वॉर्डातली जागा ते आणखी धरून ठेवणार नाहीत.’

सुमन ‘बरं’ म्हणाली आणि आत गेली. मी मुक्ताच्या मागून गराजात गेलो. तिनं पहिली काठी खिळ्यावरून काढली. सवयीनं बकल उघडलं, मिटलं. पट्टा ओढून बघितला. डोळ्यांजवळ नेऊन बघितला. मग परत ओढला. ज्या वस्तूचा आता तिला उपयोगच नव्हता तीसुद्धा ती तपासत होती. पट्टा एवढा घट्ट धरलेला होता दातांनी, की तिला तो सोडवता येईना. ‘सी?’ ती हळूच म्हणाली. ‘परफेक्टली फाइन आहे हे. इट वॉज जस्ट मी.’

मी म्हणालो, ‘तू नव्हतीस. मी तेल लावलं होतं.’

तिला कळलं नाही. मी सगळं सांगितलं. खंडेनवमी, स्टुल, मशीनची बाटली, दात. माझा आवाज चढत गेला, जणू तिचीच चूक मी तिला सांगत होतो. घरातलं कुणी कधी बघत नाही, अवजारं घाण ठेवता, मला कुणी सांगितलं का की याला तेल चालत नाही, असलं काहीबाही बडबडलो. ती ऐकत होती. चेहऱ्यावर आधी एकदम उजेड आल्यासारखं झालं. खरंच. वर्षभरात तिचा तसा चेहरा मी बघितला नव्हता. ‘म्हणजे मी बकल नीट ओढलं होतं?’ तिनं विचारलं. ‘मी नीट बांधलं होतं?’

‘हो.’

ती हसलीसुद्धा थोडी. मग थांबली. हातातल्या काठीकडे बघितलं, बोटानं दातांवरून पुसलं, बोट उजेडात धरलं. कोरडं.

‘पण यावर तेल नाहीये,’ ती म्हणाली.

मी रिकाम्या खिळ्याकडे बघितलं.

‘बाबा. यावर तेल का नाहीये?’

‘धुतलं मी. तू हॉस्पिटलमध्ये होतीस तेव्हा.’

छपरावर एक फळ वाजलं. तिनं काठी पिशवीत ठेवली. दुसरी काढली, ठेवली. तिसरी. चौथी. धनुष्याची पेटी उचलली. मी म्हटलं, ‘अगं, चिडून बोल ना काहीतरी. ओरड. शिव्या दे.’

ती दाराशी थांबली. तिनं मराठीतच सांगितलं, नीट, एकेक शब्द वेगळा करून. ‘तेल लावलंस त्याचं काहीच नाही, बाबा. तेल तू प्रेमानं लावलंस. तू धुतलंस. मग वर्षभर मी माझे हात घेऊन रडत होते आणि तू माझ्यासमोर बसून चहा पीत होतास.’

गाडीचं कुलूप तिनं उघडलं, सामान टाकलं, गेली. मागं वळून काही तपासलं नाही. कठोर दिसत होती. मला त्या स्थितीतही ते दिसलं, की तिनं काहीच परत तपासलं नाही.

सुमनला त्या संध्याकाळी मी स्वतः सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही. ‘मला वाटलंच होतं काहीतरी,’ म्हणाली. ‘त्या खंडेनवमीला मशीनला तेल घालायला गेले तर बाटली रिकामी होती.’ म्हणजे वर्षभर तिनंही मनात ठेवलं होतं. मी चवताळलो. ‘मग बोलली का नाहीस?’ तिनं तव्यावर भाकरी टाकली आणि म्हणाली, ‘माझं काम नव्हतं ते. तुमचं होतं.’ नंतर तीन दिवस तीही माझ्याशी कामापुरतंच बोलली.

शुक्रवारी कळलं, तेही सुमनच्या तोंडून, की मुक्तानं सही केली नाही. वॉर्डात परत जातेय, सोमवारपासून. मी म्हटलं, ‘चांगलं झालं.’ सुमन म्हणाली, ‘तुमच्यामुळे झालं म्हणून मिरवू नका कुठं.’ मिरवणार कुठं? माझ्याकडे आता तोंड कुठाय.

आणि काल शनिवार. सीझनचा पहिला. उजाडायच्या आधीच मला जाग आली. स्वयंपाकघरात येऊन बसलो. पेपर उघडला नाही, ते नाटक आता कुणासाठी करायचं? बाहेर फिकट उजेड, डेकवर टक टक. आमच्या तिघांच्या ग्रूपवर मंगळवारनंतर काहीच नव्हतं. सुमननं चहा ठेवला. तिचा फोन टेबलावर होता, उलटा. तो थरथरला. तिनं उचलला, वाचला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘अप.’

म्हणजे हॅरल्डच्या नातवाला दिल्याच नव्हत्या; त्याच काठ्यांवर ती चढली होती. तेच दात, तोच पट्टा, तिनंच ओढलेला. मी माझा फोन बघितला. ग्रूपवर काही नव्हतं. ‘मला नाही आलं,’ मी म्हटलं. सुमन म्हणाली, ‘नाहीच येणार.’

मी भांडलो असतो. आयुष्यभर अशा वेळी भांडलोच आहे. पण भांडायला समोर कुणी नव्हतं; ज्याच्याशी भांडायचं तो मीच टेबलापाशी बसलो होतो. चहा समोर ठेवून बसलो. गार झाला. सुमननं तो गरम केला नाही. मीही सांगितलं नाही. समोरच्या गृहस्थानं त्याचं इंजिन पाठीला लावलं, पानं उडवायला लागला, मला खिडकीतून बघून हात हलवला. मी हलवला नाही. दोन्ही हात मी टेबलावर, त्या उलट्या ठेवलेल्या फोनच्या दोन बाजूंना ठेवले होते.

पावणेअकराला तो पुन्हा थरथरला. सुमन अंगणात कपडे वाळत घालत होती. फोन तिचा, निरोप तिचा. मी सुलटा केला, वाचला, आणि होता तसा उलटा ठेवला. मग गार चहा एका घोटात संपवला आणि दार उघडून तिला हाक मारली, ‘सुमन, ती खाली आली.’